मुलांच्या सुपरहिरो मालिकेतल्या चुका: कोणत्या सोडायच्या आणि कोणत्या कधीच नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलांच्या सुपरहिरो मालिकेची पटकथा तुम्ही पहिल्यांदाच लिहिताय. चौथ्या भागात तुमच्या नायिकेला भिंतीपलीकडचं दिसतं. नवव्या भागात तीच नायिका बंद दाराबाहेर उभी राहून आत कोण असेल या विचारात पडते. चौथा भाग शूट होऊन गेलाय, नववा अजून कागदावर आहे. दिग्दर्शक म्हणतात, "मुलांना कुठे कळतंय?" नावाजलेल्या मालिकांतही असल्या चुका सर्रास दिसतात, मग आपणच एवढं मनावर का घ्यायचं, असं तुम्ही विचारलंय.

घ्या मनावर. मात्र सगळ्या चुका सारख्या मानू नका. मी पटकथा संपादनही केलंय आणि सेटवर कंटिन्युइटीही, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्याशी जुळतं ठेवण्याचं काम, सांभाळली आहे. त्यातून माझं पक्कं मत झालंय की मूल डोळ्यांना दिसणारी चूक माफ करतं, पण नियम मोडणारी चूक माफ करत नाही. ग्लासातलं पाणी वरखाली झालं, बुटाची नाडी एका शॉटमध्ये सुटलेली आणि दुसऱ्यात बांधलेली दिसली, तर मूल हसतं आणि पुढे बघतं. पण "ही शक्ती फक्त सूर्यप्रकाशात चालते" असं एकदा सांगून रात्रीच्या मारामारीत ती वापरलीत, तर त्याच्या लेखी तुम्ही खोटं बोललात. खेळात नियम बदलणाऱ्या मुलावर बाकीची मुलं जशी चिडतात तसाच हा राग असतो.

"मुलांना कळत नाही" हे तर विसराच. मोठी माणसं भाग एकदा पाहून सोडून देतात, मुलं तोच भाग पुन्हापुन्हा पाहतात. निकलोडियन वाहिनीने १९९६ साली 'ब्लूज क्लूज' सुरू केली तेव्हा अगदी लहानग्यांसाठीचा एकच भाग सलग पाच दिवस दाखवला जायचा, कारण दर खेपेला मुलांना त्यात आणखी काही सापडतं हे बनवणाऱ्यांना ठाऊक होतं. सुपरहिरो पाहणारं आठ-नऊ वर्षांचं मूल त्याहून तयारीचं असतं. शक्तींची यादी त्याला पाठ असते आणि कोणत्या बटणाने काय होतं हे तो हातातल्या खेळण्यावर रोज करून बघत असतो. म्हणूनच माझ्या कंटिन्युइटीच्या वहीत नायकाच्या केसांपेक्षा त्याच्या मनगटावरच्या यंत्राला जास्त जागा असते: ते कोणत्या हातात आहे, आधी कोणती कळ दाबली जाते, दिवा कधी पेटतो. हे चुकलं की घरी खेळताना नक्कल करणाऱ्या मुलांचा अभिनय चुकतो, आणि ते त्यांना लगेच कळतं.

आता चुका होतात कशा ते पाहू. हे कळलं की कुठल्या टाळता येतील आणि कुठल्या नाही याचा अंदाज येतो.

कथा ज्या क्रमाने घडते त्या क्रमाने शूट होत नाही. प्रयोगशाळेचा सेट उभा आहे तोवर पाच भागांमधले प्रयोगशाळेचे सगळे सीन उरकून घेतले जातात. पहिल्या भागात कपाळावर जखम, तिसऱ्यात ती भरत आलेली, पाचव्यात नुसता व्रण, आणि हे सगळं एकाच सकाळी. त्यासाठी प्रत्येक सीनवर 'कथेतला दिवस' लिहून ठेवतात. तो नसेल तर मेकअपवाल्याने जखम किती ओली दाखवायची? बालकलाकारांना कामाच्या तासांची मर्यादा असते. मूल घरी गेलं की समोरच्या मोठ्या नटाचा क्लोजअप कुणा उभ्या केलेल्या माणसाच्या खांद्यावरून घेतला जातो, आणि नटाची नजर चार बोटं वर जाते. शिवाय मुलं वाढतात. सीझनच्या सुरुवातीला खांद्याला लागणारा भाऊ शेवटी कानाला लागतो. समोरचा दुधाचा दात मधेच पडतो, मग दंतवैद्याकडून तात्पुरता नकली दात बसवून घ्यावा लागतो, आणि तो बसवला की मुलाचे 'स' आणि 'श' बदलतात. चेहरा जुळतो, आवाज जुळत नाही.

मुखवटे आणि हेल्मेट ही सुपरहिरो मालिकेची खास अडचण, आणि खास सोयही. हेल्मेटच्या आत स्टंटवाला असतो, त्याची उंची, खांदे, चालण्याची लकब वेगळी. पण ओठ दिसत नसल्यामुळे संवाद नंतर डबिंगमध्ये बदलता येतो. एडिटवर कथेतलं भगदाड सापडलं तर ते बुजवायची सर्वांत स्वस्त जागा हेल्मेटमधला शॉट. "माझी शक्ती संपत आलीय, पाच मिनिटं थांबावं लागेल" एवढं वाक्य तिथे बसवून अख्खा भाग वाचवता येतो. म्हणून मी लेखकांना सांगते की प्रत्येक मोठ्या मारामारीत हेल्मेटचा किंवा पाठमोरा एक तरी मोकळा शॉट मागून घ्या. लागला नाही तर सोडून द्या.

दिशा जुळवण्यासाठी एडिटर कधी कधी शॉट आरशासारखा उलटा करतो. नायक उजवीकडे बघायला लागतो खरा, पण छातीवरचं चिन्ह उलटतं आणि घड्याळ दुसऱ्या मनगटावर जातं. चिन्ह दोन्हीकडून सारखं दिसेल असं काढलेलं असलं की ही डोकेदुखी अर्धी होते. पोशाख ठरत असताना कुणी विचारलं तर हे सुचवून बघा.

अॅनिमेशनमध्ये चुकांची जात निराळी. तिथे कुणी चुकून पेला हलवत नाही. तिथे चित्राचा एखादा थर रचायचा राहतो, एखाद्या चित्रात हातमोजा भलत्या रंगाचा होतो, किंवा मागच्या गर्दीतल्या माणसाच्या ओठांवर नायकाचा संवाद चढतो. स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटची कच्ची रेखाटनं, एका देशात आणि चित्रं दुसऱ्या देशातल्या स्टुडिओत असं काम चालतं तेव्हा मॉडेल शीटवर, म्हणजे पात्र नेमकं कसं काढायचं त्या नमुन्यावर, जे नाही ते कुणीच पाळत नाही. पैशाची ओढाताण असली की जुनं अॅनिमेशन पुन्हा वापरलं जातं. १९६७ साली सुरू झालेल्या 'स्पायडर-मॅन' मालिकेत छातीवरच्या कोळ्याला आठऐवजी सहाच पाय होते, आणि शेवटच्या सीझनमध्ये तर एका भागासाठी दुसऱ्याच कार्टून मालिकेतली दृश्यं आणि कथा उचलून तिथे स्पायडर-मॅनला बसवलं होतं. तरीही त्या मालिकेवर मुलांनी जीव लावला. सहा पायांनी कुणाचा विश्वास उडाला नाही, कारण स्पायडर-मॅन कसा वागतो याचा नियम शाबूत होता.

चुकांची खाणच पाहायची असेल तर 'पॉवर रेंजर्स' पाहा. मी हे कौतुकानेच म्हणते. २८ ऑगस्ट १९९३ ला ती अमेरिकेत फॉक्स किड्सवर सुरू झाली. मुळात जपानच्या तोएई कंपनीच्या 'झ्युरेंजर' या मालिकेतली मारामारीची आणि यंत्रमानवांची दृश्यं घ्यायची आणि शाळकरी मुलांची कथा अमेरिकेत नव्याने चित्रित करून दोन्ही सांधायचं, असा तो घाट. जपानी मालिकेत पिवळ्या पोशाखात पुरुष होता, अमेरिकेत पिवळी रेंजर मुलगी झाली. म्हणून गुलाबी रेंजरच्या पोशाखाला घागऱ्यासारखा भाग आहे आणि पिवळीच्या पोशाखाला नाही. जपानी कथेत हिरवा योद्धा मोजकं आयुष्य घेऊन येतो आणि मरतो, म्हणजे त्याची दृश्यंही मोजकीच. अमेरिकेत तो अफाट लोकप्रिय झाला. मग त्याची शक्ती ओसरत जाते, परत येते, पुन्हा ओसरते असं दाखवावं लागलं. दुसऱ्या सीझनमध्ये यंत्रमानव पुढच्या जपानी मालिकेतले, 'दाइरेंजर'मधले, आणि पाच जणांचे पोशाख मात्र जुनेच. नवा पांढरा रेंजरही 'दाइरेंजर'मधूनच आला, म्हणून त्याच्या पोशाखाची धाटणी बाकीच्यांशी जुळत नाही. १९९४ मध्ये तीन मुख्य कलाकार बाहेर पडले. त्यांना शांतता परिषदेसाठी स्वित्झर्लंडला पाठवेपर्यंत काही भागांत जुने शॉट, पाठमोरे बदली कलाकार आणि दुसऱ्यांचे आवाज वापरून वेळ निभावली.

इतकं असूनही ती मालिका उभी राहिली, आणि माझ्या मते त्याचं एक कारण पहिल्याच भागात आहे. रेंजर्सचा मार्गदर्शक झॉर्डन पाच मुलांना शक्ती देतो आणि सोबत तीन नियम घालतो: शक्ती स्वार्थासाठी वापरायची नाही, शत्रूने भाग पाडल्याशिवाय लढाई आपणहून वाढवायची नाही, आणि आपली ओळख कुणाला कळू द्यायची नाही. यातला दुसरा नियम पटकथालेखकाच्या नजरेतून वाचा. "राक्षस लहान असतानाच यांनी आपला अवाढव्य यंत्रमानव का नाही बोलावला?" हा प्रश्न प्रत्येक भागात पडणार होता, आणि या एका वाक्याने तो कायमचा मिटवला. नायकांकडचं सर्वांत मोठं शस्त्र शेवटच्या मिनिटापर्यंत का दडवून ठेवायचं याला नैतिक कारण मिळालं. मूल ते कारण स्वीकारतं, इतकंच काय, खेळताना दुसऱ्याला बजावतंही. खलनायकाच्या बाजूला असा नियम नाही. राक्षस पहिल्याच क्षणी मोठा का करत नाहीत, एका वेळी एकच का पाठवतात, याचं पटेल असं उत्तर मालिकेत नाही, आणि मुलांना पडणारा प्रश्न अजूनही तोच आहे. म्हणजे नियम जिथे होता तिथे भगदाड पडलं नाही, जिथे नव्हता तिथे पडलं.

म्हणून तुमच्या नायिकेकडे पाहताना "चौथ्या भागात असं का दाखवलं" यावर भांडत बसू नका. ते शूट झालंय, म्हणजे आता तेच सत्य. नवव्या भागात तीन वाटा आहेत. शक्ती तिथे चालू द्यायची नाही. किंवा ती चालवायची पण महागात पाडायची. किंवा ती चालू द्यायची आणि त्यातूनच नवी अडचण उभी करायची. पहिली वाट बहुतेक जण धरतात, म्हणजे या भिंतीत शिसं आहे म्हणून पलीकडचं दिसत नाही वगैरे. एकदा चालतं. दुसऱ्यांदा शिसं आलं की मुलांना वास येतो. दुसरी वाट बरी: भिंतीपलीकडे पाहिलं की काही वेळ तिला डोळ्यांसमोरचं दिसत नाही. पण हे नववा भाग सुरू व्हायच्या आधी कुठेतरी पेरावं लागेल, तिथल्या तिथे सांगितलंत तर ती पळवाट वाटेल. पाचवा ते आठवा यातला एखादा भाग अजून शूट व्हायचा असेल तर त्यात एक छोटा प्रसंग घाला, ती पलीकडे बघते आणि नंतर पायरीवर अडखळते, बास. मला स्वतःला तिसरी वाट आवडते. ती दाराबाहेर उभी आहे, पलीकडे बघते, आत तिचा धाकटा भाऊ आहे आणि तो खलनायकाशी हसून बोलतोय. पाहता आलं, ऐकता आलं नाही. आता ती काळजीत आहे, आणि ही काळजी "आत कोण असेल" यापेक्षा कितीतरी मोठी आहे. शक्ती जशीच्या तशी राहिली आणि प्रसंग वर गेला. भगदाडापाशीच भागातला सर्वोत्तम सीन दडलेला असतो हे मी अनेक पटकथांमध्ये पाहिलंय, म्हणून चूक सापडली की घाईने लिंपू नका, आधी तिच्यात डोकावून बघा.

काही गोष्टी तर्काला धरून नसतात, पण त्या चुका नाहीत. 'ही-मॅन'मध्ये राजपुत्र अॅडम आणि ही-मॅन यांचा चेहरा एकच, केस एकच, फरक कपड्यांचा आणि थोडा कातडीच्या रंगाचा. तरी राजवाड्यात कुणी ओळखत नाही. 'शक्तिमान'मधला गंगाधर चष्मा लावून पुढचे दात दाखवत हसला की संपादकापासून सगळे फसतात. हा मूल आणि मालिका यांच्यातला करार आहे. मुलाला ते गुपित फक्त स्वतःला माहीत असल्याचा आनंद हवा असतो, त्यामुळे तो हा करार खुशीने पाळतो. "कुणीच कसं ओळखत नाही" याचा खुलासा द्यायला गेलात तर करार मोडेल. अट एकच: अपवाद करू नका. एका भागात शेजारीण आवाजावरून ओळखण्याच्या बेतात आली, तर त्या दिवसापासून आवाज ओळखता येतो हा तुमच्या जगाचा नियम झाला, आणि बाकी सगळे बहिरे ठरले.

कलाकार बदलतो तेव्हाही असाच करार कामाला येतो. १९५२ ते १९५८ या काळातल्या 'अॅडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन'मध्ये पहिल्या सीझननंतर वार्ताहर लोइस लेनच्या भूमिकेत फिलिस कोट्सच्या जागी नोएल नील आल्या. 'शक्तिमान'मध्ये पत्रकार गीता विश्वासची भूमिका आधी किटू गिडवानी यांनी केली, नंतर वैष्णवी महंत यांनी. प्रेक्षक सरावले, कारण गीताचं धाडस आणि बातमीमागे धावणं तसंच राहिलं. 'अॅडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन'मधली मुख्य माणसं बहुतेक वेळ त्याच त्या कपड्यांत दिसतात यामागेही व्यवहार आहे: अनेक भागांचे ऑफिसमधले सीन एकत्र उरकले जायचे, कपडे तेच असले की कुठलाही शॉट कुठेही बसायचा. कमी पैशांत कंटिन्युइटी सांभाळायची ही युक्ती आजही चालते, आणि कार्टूनमधली पात्रं वर्षानुवर्षं एकाच सदऱ्यात का असतात तेही यावरून कळेल.

प्रक्षेपणाच्या क्रमाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण त्याचा फटका तुम्हाला बसणारच आहे. लेखकाने एक ते सव्वीस असं लिहिलं म्हणून वाहिनी तसं दाखवेल याची खात्री नसते. एखाद्या भागाचं अॅनिमेशन रखडतं, एखादा भाग सणावारासाठी पुढे ओढला जातो, आणि दुसऱ्या देशात विकला की तिथला क्रम तिसराच. १९९२ च्या 'बॅटमॅन: द अॅनिमेटेड सिरीज'चा पहिला तयार झालेला भाग मॅन-बॅट या वटवाघूळ बनणाऱ्या माणसाचा होता, पण ५ सप्टेंबरला प्रक्षेपण सुरू झालं ते कॅटवुमनच्या भागाने. त्याच वर्षी सुरू झालेल्या 'एक्स-मेन'मध्ये प्रेयसी जीन ग्रे गेल्याच्या दुःखात सायक्लॉप्स हा नायक बुडालेला असतो असा एक भाग तिसऱ्या सीझनसाठी लिहिला होता. तो रखडत रखडत १९९६ मध्ये दाखवला गेला, तोवर जीन परत येऊन किती काळ लोटला होता! पाहणाऱ्या मुलाला वाटणार लेखक विसरले. लेखक विसरले नव्हते. 'मिरॅक्युलस लेडीबग' २०१५ मध्ये आली तेव्हा नायक-नायिकेला शक्ती कशी मिळाली ती कथा पहिल्या सीझनच्या शेवटाकडे ठेवली होती, आणि देशोदेशी भागांचे क्रमही वेगवेगळे होते. तिथे जोडीचा परिचय झालेला गृहीत धरूनच प्रत्येक भाग लिहिला असल्याने निभावलं.

यावर जुना उपाय म्हणजे दर भागाच्या शेवटी जग होतं तसं परत ठेवायचं. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या अशा मालिका पासष्ट भागांच्या गठ्ठ्याने विकल्या जायच्या, आठवड्याचे पाच दिवस याप्रमाणे तेरा आठवडे. स्थानिक केंद्रं क्रम पाळतीलच असं नव्हतं. 'ही-मॅन'चे असे दोन गठ्ठे झाले. त्यामुळे काल शिकलेलं आज कुणाच्या लक्षात नसायचं. आज मुलं हवा तो भाग हव्या त्या वेळी लावतात, तेव्हा दोन्ही सांभाळावं लागतं. मी असं करते: कायमचे बदल, म्हणजे नवी शक्ती, नवा साथीदार, कुणाचं गुपित फुटणं, हे सीझनमध्ये तीन-चार ठरावीक भागांतच येऊ देते, आणि निर्मात्यांकडून लेखी घेते की या भागांची जागा हलणार नाही. मधले भाग हवे तसे फिरवा.

'लेडीबग'ने जग परत जागेवर ठेवण्याचं काम कथेतच गुंफलंय. शेवटी नायिकेची जादू शहराची सगळी मोडतोड भरून काढते. इमारती कोसळल्या तरी पुढच्या भागात शहर धडधाकट का, हा प्रश्नच उरत नाही. शिवाय तिथे शक्तीला किंमत आहे: खास शक्ती वापरली की पाच मिनिटांत रूप उतरतं. ही पाच मिनिटं पडद्यावर कधी कधी फारच लांबतात हे खरं, पण नियम चांगला आहे, कारण तो नायकालाच अडचणीत आणतो. 'बेन टेन'मध्ये बेनला परग्रहावरचे निरनिराळे प्राणी बनवणाऱ्या घड्याळाचं तेच. ते ऐन वेळी दगा देतं, भलताच प्राणी बनवतं. लेखकाच्या सोयीसाठी कधी लवकर, कधी उशिरा दगा देतं हे मुलं ओळखतात, पण दगा बहुतेक वेळा नायकाच्या विरोधात जातो म्हणून चालवून घेतात. अडचण वाढवणारा योगायोग चालतो, अडचण सोडवणारा चालत नाही.

आधी सांगितलेलं नंतर बदलायची पाळी आलीच, तर एकदाच बदला. 'बेन टेन'च्या पहिल्या मालिकेत बेनच्या चुलत बहिणीची, ग्वेनची, शक्ती जादूची होती. पुढच्या 'एलियन फोर्स'मध्ये ती आजीकडून आलेली परग्रहावरची शक्ती ठरली. बेनचा आधी शत्रू आणि नंतर साथीदार झालेला केविनही आधी माणूस, मग परग्रहवासीयांचा वंशज, आणि 'ऑम्निव्हर्स'मध्ये पुन्हा माणसांचाच एक वेगळा प्रकार. ग्वेनचा बदल मला पटतो, कारण त्यातून तिला आजी मिळाली, घराण्याची ओढ मिळाली. केविनच्या बाबतीत मूल शेवटी कशावरच विश्वास ठेवत नाही.

माझ्या नियमाला छेद देणारं उदाहरणही सांगायला हवं. 'पॉवर रेंजर्स'मधला पहिला लाल रेंजर १९९४ मध्ये आपली शक्ती दुसऱ्याला सोपवून गेला होता. २००२ च्या विशेष भागात वेगवेगळ्या मालिकांमधले दहा लाल रेंजर एकत्र आले, त्यात तो पुन्हा जुन्याच पोशाखात, आणि शक्ती कुठून परत आली याबद्दल अक्षर नाही. नियमाने पाहिलं तर हे सरळ भगदाड. पण तो परत येणं हाच त्या भागाचा आनंद होता आणि पाहणाऱ्यांनी तो भरभरून घेतला. मग वर्षानुवर्षं त्यावर वादही घातला. एका वाक्याचा खुलासा असता तर आनंद तेवढाच राहिला असता आणि वाद मिटला असता, असं मला वाटतं. असा मोह तुम्हाला झाला तर मोह जरूर पाळा, आणि ते वाक्यही लिहा.

रोजच्या कामात दोन कागद जपा. पहिला शक्तींचा. प्रत्येक शक्तीपुढे लिहा: काय करता येतं, काय करता येत नाही, वापरल्यावर काय मोजावं लागतं, पहिल्यांदा कुठे दिसली. "काय करता येत नाही" हा रकाना रिकामा असेल तर ती शक्ती पटकथेत येऊ देऊ नका. दुसरा कागद कुणाला काय ठाऊक आहे याचा, आणि तो पहिल्यापेक्षा मोलाचा. गुपितांवर चालणाऱ्या मालिकेत सर्वाधिक भगदाडं इथेच पडतात. मैत्रीण सहाव्या भागात अशा गोष्टीचा उल्लेख करते जी घडली तेव्हा ती तिथे नव्हती. खलनायकाला नायकाचं घर माहीत झालंय तरी तो पुढचे दहा भाग शहरभर शोधत हिंडतो. प्रत्येक भाग लॉक झाला, म्हणजे त्यात आता बदल नाही असं ठरलं, की त्याच दिवशी नोंद करा. लेखक चार असतील तर हा कागद एकाच्याच ताब्यात हवा, सगळ्यांचा झाला की कुणाचाच राहत नाही.

आणि प्रत्येक पटकथा संपली की स्वतःला विचारा: मागच्या भागांतली कोणती वस्तू, शक्ती किंवा माणूस आत्ता आला तर ही गोष्ट तीन मिनिटांत संपेल? उत्तर सापडलं तर त्याची सोय लावा. काळात मागे जाणं, सगळ्यांची स्मृती पुसणं आणि मेलेल्याला उठवणं या तीन गोष्टी तर नेहमीच या प्रश्नाचं उत्तर ठरतात. एकदा दिल्या की पुढच्या प्रत्येक संकटात मूल विचारणार, "मग मागे का नाही जात?" त्या दिल्याच तर त्याच भागात कायमच्या बंद करा, यंत्र फोडा, शक्ती खर्चून टाका, आणि ते मुलाला स्पष्ट दिसू द्या.

एडिटवर निवड करायची वेळ आली तर ज्या टेकमध्ये बालकलाकाराचा चेहरा खरा आहे तोच घ्या, मागची खुर्ची हललेली असली तरी. खुर्ची पाहणारं मूल गोष्टीत नाहीच, आणि ते गोष्टीत का नाही हा वेगळा, जास्त गंभीर प्रश्न आहे. मात्र त्याच टेकमध्ये यंत्र चुकीच्या मनगटावर असेल तर थांबा. फ्रेम थोडी आवळून मनगट बाहेर ठेवता येतं का ते बघा; नाहीच जमलं तर दुसरा टेक.

मालिका सुरू झाली की मुलं विचारायला लागतील, पत्रांतून, भेटल्यावर, कुणाच्या तरी आईच्या फोनवरून. "तिने भिंतीतून बघितलं का नाही?" असा प्रश्न आला तर "ती फक्त गोष्ट आहे" असं उत्तर कधीही देऊ नका. उत्तर कथेत असेल तर सांगा. नसेल तर "बरोबर पकडलंस, हे मलाही शोधायचंय" म्हणा आणि शक्तींच्या कागदावर त्या प्रश्नाची नोंद करा. एकच प्रश्न तीन-चार मुलांकडून आला, तर पुढच्या सीझनचा एखादा भाग त्यावरच लिहायला घ्या.